सात हालीचे सहा कलदार



‘सात हालीचे सहा कलदार’ हा हिशेब एके काळी देगलूरच्या बाजारात दुकानदारापासून हमालापर्यंत सगळ्यांना ठाऊक होता. हाली म्हणजे हाली सिक्का, निजाम सरकारचा रुपया. कलदार म्हणजे इंग्रजी मुलखातला आणि स्वातंत्र्यानंतर भारत सरकारचा रुपया. सरकारचा सारा भरायचा तो हालीत, नोकराचा पगार व्हायचा तोही हालीत. पण सोलापूरच्या किंवा मुंबईच्या पेढीशी व्यवहार पडला की गोष्ट कलदाराची निघे. मग कागदावर दोन रकाने पाडायचे. डावीकडे हाली, उजवीकडे कलदार. पस्तीस हाली, तर तीस कलदार. सत्तर हाली, तर साठ.

आज मी बोलणार आहे ते या दोन रकान्यांविषयी. नाणे हे आपले निमित्त. खरा विषय असा की, माणसाचे रोजचे काम ज्या साधनांवर चालते ती साधने, म्हणजे भाषा, लिपी, नाणे, वजन, पंचांग आणि वरचा साहेबसुद्धा, थोड्या वर्षांत एकामागून एक बदलून गेली, तर त्या माणसाने कामाला उभे कसे राहावे? हल्ली हा प्रश्न घरोघर निघतो. शिक्षक म्हणतात, एक पद्धत अंगवळणी पडते न पडते तोच दुसरी येते. तलाठ्याच्या काखेतले दप्तर जाऊन संगणक आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची पाहणीही शेतकऱ्याने मोबाईलवर नोंदवावी असे झाले. आता तर यंत्र पत्रे लिहू लागले, तेव्हा कारकुनाचे पुढे काय, अशी धास्ती आहे. आपल्याला वाटते, ही अनिश्चितता आपल्याच नशिबी आली. पण नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, देगलूर तालुक्यात, आपल्या आजोबा-पणजोबांनी असला अनुभव १९४८ ते १९६० या बारा वर्षांत घेतलेला आहे. त्यांनी तो कसा निभावला, कुठे निभावला नाही, हे पाहण्यासारखे आहे.

तीन भाषांच्या वेशीवर

देगलूर नांदेडपासून सुमारे ८० किलोमीटर. पुढे गेले की तेलंगण, आणि बाजूला वळले की कर्नाटकाचा बीदर जिल्हा. बाजाराच्या दिवशी इथे मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी उर्दू अशा चारी बोली कानांवर पडतात, आणि एकच म्हातारी चारीत भाजीचा भाव करते. तालुक्यातले होट्टलचे चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिर पाहिले म्हणजे ध्यानात येते की, इथून राजवटी फार जुन्या काळापासून येत-जात राहिल्या आहेत.

१९४८ पर्यंत हा तालुका हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे १६ जिल्हे; त्यांतले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी. गावात पटवारी मराठीत, पुष्कळदा मोडीत लिही. पण कागद तहसिलीत पोहोचला की कारभार उर्दूचा. कलेक्टरला म्हणत अव्वल तालुकदार, हेडमास्तरला सदर मुदर्रिस. प्राथमिक शाळा तहतानिया, मधली वस्तानिया, वरची फौकानिया. साल इसवी नव्हे, फसली; आणि महिने आजूर, दै, बहमन असे इराणी नावांचे.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. ही उर्दूसुद्धा सनातन नव्हती. १८८४ च्या सुमारापर्यंत संस्थानाचा दरबारी कारभार फारसीत चाले. मग उर्दू आली. फारसीत जन्म घालवलेल्या मुन्शींची त्या वेळी काय धांदल उडाली असेल, याची कल्पना करा. म्हणजे १९४८ साली ज्या उर्दूनवीस कारकुनाच्या पायांखालची वाळू सरकली, त्याच्या आजोबांच्या पायांखालचीही तशीच सरकली होती. कारभाराची भाषा आपल्याला डोंगरासारखी अढळ वाटते. प्रत्यक्षात तिचे वय पुष्कळदा दोन-तीन पिढ्यांचेच असते.

एक खुर्ची, सहा सरकारे

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिदिन म्हणून पाळतो. त्याआधीची दोन-तीन वर्षे या भागाला फार जड गेली होती. शेजारच्या बिलोली तालुक्यात, अर्जापूर येथे, १९४६ साली गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. रझाकारांच्या भयाने माणसे गावे सोडून सरहद्दीपलीकडे गेली होती. शाळा ओस पडल्या होत्या.

मुक्ती आली, पण घडी लगेच बसली नाही. पहिल्याने मेजर जनरल चौधरी यांचा लष्करी अंमल आला. १९५० च्या जानेवारीत वेलोडी मुख्यमंत्री झाले. १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्ण राव यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यच विसर्जित झाले आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. निजामापासून मोजा: देगलूरच्या तहसिलीत एकाच खुर्चीवर बसलेल्या कारकुनाने बारा वर्षांत सहा सरकारे पाहिली. खुर्ची तीच, टेबल तेच, दारातला चपराशीही कदाचित तोच. पण पत्राच्या माथ्यावरचे सरकार पाच वेळा पालटले. राजधानीही हैदराबादहून मुंबईला गेली. कालपर्यंत ज्या वाटेने अर्ज जात, ती वाटच पुसली गेली.

जमा, तफरीक, जरब, तकसीम

आधी शाळेत डोकावू. वरच्या वर्गांत शिकवण्याची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर विज्ञान आणि कायदासुद्धा उर्दूत शिकवत. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले होते. तिथे किंवा तिच्या हाताखालच्या शाळांत शिकून मास्तर झालेला माणूस डोळ्यांपुढे आणा. घरी तो मराठी बोले. पण गणित त्याच्या डोक्यात उर्दूत होते. बेरजेला जमा, वजाबाकीला तफरीक, गुणाकाराला जरब, भागाकाराला तकसीम. त्रिकोण म्हणजे मुसल्लस. भूगोल म्हणजे जुगराफिया. इतिहासाचे नाव तारीख.

आता हुकूम आला की मुलांना मातृभाषेत शिकवा. हुकूम योग्यच होता. त्यासाठीच तर लोक झगडले होते. स्वामी रामानंद तीर्थ स्वतः शिक्षक. हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळांतून त्यांनी मातृभाषेतल्या शिक्षणाचा दिवा जपला होता. पण शिकवायला उभ्या राहिलेल्या मास्तराची अडचण निराळी होती. त्याला त्रिकोण समजत होता, त्रिकोण हा शब्द मात्र सापडत नव्हता. आपल्याच मातृभाषेत तो अडखळत होता.

अशा वेळी माणूस दोन तऱ्हांनी वागू शकतो. एक म्हणतो, मला सगळे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागणार, मी संपलो. दुसरा म्हणतो, मला गणित येते, नवी आहेत ती नावे. पहिल्याला डोंगर दिसतो, दुसऱ्याला शंभर-दीडशे शब्दांची यादी दिसते. जो मास्तर तरला, तो या दुसऱ्या वाटेने गेला, यात शंका नाही. कारण तिसरी वाटच नव्हती. फळ्यावर एका बाजूला मुसल्लस आणि दुसऱ्या बाजूला त्रिकोण लिहिणे, हे जुन्या दुकानदाराचे दोन रकानेच झाले.

नव्या संस्थाही उभ्या राहिल्या. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. तोवर देगलूर-बिलोलीच्या मुलाला पदवीसाठी हैदराबादच्या दिशेने पाहावे लागे. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत उस्मानियातून काढलेली मुले तर नागपूरला जाऊन शिकली. दार बंद झाले म्हणून त्यांनी शिक्षण टाकले नाही, दार बदलले.

फसलीचे गणित

आता पंचांगाकडे येऊ. फसलीतून इसवी काढायची तर फसली सनात ५९० मिळवायचे, एवढे पुष्कळांना माहीत असे. पण त्यात एक खाच आहे. संस्थानातले फसली वर्ष आजूर महिन्याने, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर ५९० मिळवायचे, आणि जानेवारीपासून पुढे ५९१.

समजा, शाळेच्या दाखल-खारीज वहीत एका मुलाचा जन्म १३४५ फसली, महिना खुर्दाद, असा लिहिला आहे. खुर्दाद म्हणजे साधारण एप्रिल-मे. घाईतल्या मास्तराने ५९० मिळवले, तर साल निघेल १९३५. नीट पाहणारा १९३६ लिहील. एक वर्षाचा फरक! आज ऐकताना किरकोळ वाटतो. पण पुढे तो मुलगा सरकारी नोकरीत लागला, तर त्या एका आकड्यामुळे त्याला एक वर्ष आधी घरी बसावे लागणार. वहीतला आकडा वहीत राहत नाही, तो कुणाच्या तरी संसारात उतरतो. म्हणून संक्रमणाच्या काळात सर्वांत मोलाचा माणूस तो, जो घाई करत नाही आणि जुने समजून घेऊन मगच नवे लिहितो.

फसली सन कायद्यांत मुरला होता तो तर निघता निघेना. संस्थानाचा जमीन महसुलाचा कायदा १३१७ फसलीचा. जहागिरी नष्ट झाल्या त्या १९४९ साली, भारतीय अमलात. पण त्या कायद्याच्या नावातही साल १३५८ फसलीच आहे. नव्या सरकारनेदेखील जुने साल एकदम टाकले नाही. पुढे २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर शके आले आणि आकाशवाणीवरून तो दिनांक सांगितला जाऊ लागला. म्हणजे देगलूरच्या माणसाच्या कानांवर फसली, इसवी, शालिवाहन शक आणि सौर शक अशा चार कालगणना एकाच दशकात पडल्या. पेरणी मात्र तो मृगावरच करीत राहिला.

सोळा आण्यांचे शहाण्णव पैसे

पैशाचे तेच. भारतीय रुपया १९५० पासून संस्थानी रुपयाच्या जोडीला चालू झाला; हाली सिक्का पुढे १९५९ पर्यंत रेंगाळून मग कायमचा गेला. म्हणजे दोन्ही नाणी काही वर्षे हातात हात घालून फिरली. ३५ हाली पगार असलेल्या शिपायाला ३० कलदार मिळाले, तेव्हा त्याच्या बायकोने पगार कमी झाला म्हणून कपाळाला हात लावला असेल, तर तिचा दोष नाही. आकडा उतरला होता, मोल उतरले नव्हते. हे समजावून सांगायला कुणीतरी लागतेच. गावात तो मान बहुधा मास्तराचा, नाहीतर वाण्याचा.

ही घडी बसते न बसते तोच १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले. चार आणे म्हणजे पंचवीस नवे पैसे, इथवर ठीक. पण एक आणा म्हणजे सव्वासहा. आता पाव पैसा कुठून आणायचा? म्हणून एका आण्याला सहा धरायचे, दोन आण्यांना बारा, आणि तीन आण्यांना मात्र एकोणीस. आता गंमत पाहा. एका आण्याची वस्तू तीनदा घेतली तर अठरा पैसे, आणि तिन्ही एकदम घेतल्या तर एकोणीस! आणि आणा-आणा करून सोळा वेळा खरेदी केली, तर रुपयाचे होतात शहाण्णवच. चार पैसे गेले कुठे? गिऱ्हाईक म्हणणार दुकानदार लबाड, दुकानदार म्हणणार सरकारच तसे. शाळेतल्या पोरांना मात्र अपूर्णांकाचा इतका चांगला धडा पुन्हा मिळाला नसेल.

मागोमाग वजने आली. ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. शेराची सवय झालेल्या हाताला किलो थोडा जड लागे. पायलीने मापायची ज्वारी आता तोलायची होती. सावध गिऱ्हाईक विचारी, भाव शेराचा सांगता की किलोचा?

जमिनीच्या मापात मात्र एक सोय निघाली. हेक्टर आणि आर आले. आर म्हणजे जवळजवळ आपला गुंठाच. फरक शंभरात एखादाच. हे ध्यानात आल्यावर शेतकऱ्याने सरकारशी भांडण काढले नाही आणि आपली भाषाही सोडली नाही. आज इतक्या वर्षांनीही सातबाऱ्यावर हेक्टर-आर असते आणि बांधावर बोलणे एकर-गुंठ्याचेच चालते. एक हेक्टर म्हणजे अडीच एकराला थोडे कमी, नेमके म्हणाल तर दोन एकर एकोणीस गुंठे, हे निरक्षर माणूससुद्धा सांगतो. नवे स्वीकारायचे म्हणजे जुने विसरायचेच, असे त्याने कधी मानले नाही.

तालुक्यातून गेलेली रेघ

१९५६ चा बदल सर्वांत खोल गेला. राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने नांदेड जिल्हा मुंबई राज्यात घातला. पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन मंडळे त्यातून वगळून आंध्र प्रदेशाकडे दिली. मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळेही तशीच गेली. भाषेच्या हिशेबाने ते बरोबर असेल. पण माणसे हिशेबाच्या रेघेवर राहत नाहीत. कुणाची सोयरीक पलीकडे, कुणाचे शेत पलीकडे. जुक्कलचा जो शेतकरी कज्जेदलालीला देगलूरला येई, त्याला आता दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या भाषेत दाद मागायची होती. बिचकुंदा आणि जुक्कल आज तेलंगणातल्या कामारेड्डी जिल्ह्यात आहेत. देगलूरचा आठवडी बाजार मात्र रेघ मानत नाही.

उलट बाजूने बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके इकडे आले; पुढे १९८२ साली लातूर जिल्हा झाला त्यात ते गेले. म्हणजे कुणाचा जिल्हा बदलला, कुणाचे राज्य. नोकरदारांची वाटणी झाली. हैदराबादची पगारश्रेणी मुंबईच्या कोणत्या श्रेणीशी जुळवायची, सेवाज्येष्ठता कशी धरायची, यावर वर्षानुवर्षे अर्ज चालले.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. त्याच कायद्याच्या ११५ व्या कलमात लिहून ठेवले होते की, अशा कर्मचाऱ्याच्या सेवाशर्ती त्याचे नुकसान होईल अशा रीतीने केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीशिवाय बदलता येणार नाहीत. जुने कायदे नवे होईपर्यंत चालू राहतील, अशीही तरतूद होती. त्यामुळेच १९५० चा हैदराबादचा कुळकायदा मराठवाड्यात अजूनही त्याच नावाने चालतो. माणसाने वाकावे अशी अपेक्षा करणाऱ्याने त्याला वाकायला सवड द्यावी लागते. नव्या पैशालाही जुन्याबरोबर काही वर्षे चालू दिले, वजनांनाही मुदत दिली. ही सवड जिथे मिळाली तिथे लोक तरले.

जे तरले नाहीत

आणि जिथे सवड मिळाली नाही? तीही बाजू सांगितली नाही तर हा इतिहास अर्धा राहील. १९४८ च्या सप्टेंबरनंतर संस्थानाच्या काही भागांत निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षाच्या अखेरीस दौरा करून जे चार जिल्हे सर्वाधिक होरपळलेले म्हणून नोंदले, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांबरोबर नांदेडही होता. रझाकारांचा जुलूम जसा खरा, तसे हेही खरे. पुष्कळ मुसलमान नोकरदारांची नोकरी गेली. ज्यांची कारभाराची विद्या केवळ उर्दूत होती, त्यांच्या हातातली लेखणी एका रात्रीत निरुपयोगी ठरली. जहागिरी गेल्या तेव्हा त्यांच्या कचेऱ्यांतले कारकून, कारभारी आणि शिपाई यांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला. संस्थानाच्या जकातीचे करोडगिरी खाते उठले, तसे नाक्यांवरच्या माणसांचे कामच उरले नाही.

या माणसांना ‘लवचिक व्हा’ असे सांगणे सोपे आहे. पण ज्याच्या घराला आग लागली आहे, त्याला दोन रकाने आखायला वेळ कुठला? आपण महापुरातल्या लव्हाळ्याचा दाखला नेहमी देतो. लव्हाळे वाकते आणि वाचते, हे खरे. पण त्याची मुळे काठाच्या मातीत घट्ट असतात म्हणून वाचते. माती वाहून गेली तर लव्हाळेही जाते. शेजार, कायद्याचे संरक्षण आणि चार महिने पुरेल इतके धान्य, ही ती माती. एकट्याच्या धीरावर सगळा भार टाकून समाजाला मोकळे होता येत नाही.

टिकलेल्यांनी काय केले

तरीही बहुसंख्य माणसे टिकली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला. मास्तराचा मालक पुन्हा बदलला. मास्तर दुसऱ्या दिवशी दहाला शाळेत होताच. वंशपरंपरेची पाटीलकी-पटवारकी जाऊन नेमणुकीचा तलाठी आला. १९६० साली भाषा संचालनालय निघाले, मराठी पदनामे घडली, १९६४ चा राजभाषेचा कायदा झाला. उर्दू शब्द जाऊन मराठी आले. पण सगळे गेले नाहीत. तहसील, तहसीलदार, पेशकार, नाझर, दप्तर, अर्ज हे शब्द राहिले, आणि ते परके आहेत असे आज कुणाला वाटतही नाही.

त्यांनी काय केले, ते पाहू गेले तर फार मोठे असे काही सापडत नाही. पटवाऱ्याने ओळखले की आपले काम म्हणजे कोणाची जमीन किती आणि कोण कसतो हे खरे लिहिणे; मोडीत लिहा, बालबोधीत लिहा, खरे लिहा. मास्तराने ओळखले की आपले काम म्हणजे पोराला समजेल असे सांगणे. वाण्याने ओळखले की माप नवे असो की जुने, ते भरलेले हवे. कामाचा गाभा ज्याला ठाऊक होता, त्याला साल बदलली म्हणून फार भय वाटले नाही. आणि जुने हात मोकळे सोडण्याआधी नवे हाती येईपर्यंत त्यांनी दोन्ही धरून ठेवले. आज ज्यांना आपण जुन्या वळणाची माणसे म्हणतो, ती अशी दोन-दोन कोष्टके डोक्यात घेऊन चालणारी माणसे होती. शिवाय ज्याला जे येई ते त्याने दुसऱ्याला सांगितले. उर्दू जाणणाऱ्याने जुना कागद वाचून द्यायचा, बालबोधी जाणणाऱ्याने नवा अर्ज लिहून द्यायचा.

जुना रकाना

शेवटी अगदी अलीकडची गोष्ट. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी आहेत का, हे तिला शोधायचे होते. त्या वादात मी शिरत नाही, तो या भाषणाचा विषय नाही. पण रुमाल सुटले तेव्हा काय दिसले? कागद मोडीत, कागद उर्दूत. आणि कचेऱ्याकचेऱ्यांतून एकच शोध सुरू झाला: हे वाचणारा कोणी आहे का? गेल्या पिढीने ज्या विद्येला रद्दी म्हटले होते, ती जाणणाऱ्यांना शोधून बोलवावे लागले. १९५४-५५ चे खासरा पत्रक तर जमिनीच्या दाव्यांत आजही लागते.

म्हणजे जुना रकाना कधी कामी येईल ते सांगता येत नाही. म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. तुमच्या शाळेच्या कपाटात तळाशी जुनी दाखल-खारीज वही असेल, तर ती वाळवीच्या तोंडी देऊ नका. गावात मोडी किंवा उर्दू वाचणारा एखादा वृद्ध अजून असेल, तर दोन मुलांना त्यांच्याजवळ रविवारी घटकाभर बसवा. आणि शेतकरी बंधूंनो, घरच्या ट्रंकेतला फसली सनाचा कागद टाकण्यापूर्वी एकदा वाचून घ्या. साल काढताना मात्र महिना पाहा. आजूर, दै, बहमन असेल तर डिसेंबरअखेरपर्यंत ५९०, तिथून पुढे ५९१.